आठ परस खोल

“याहून कडक व्रत नाही का, बाबा?”

मठाच्या ओसरीवर गोसावीबाबा भाकऱ्या थापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सध्या काय करतेस?”

“एकच वेळ जेवते, दिवेलागणीला. तेही धनी विहिरीतून सुखरूप वर आल्यावर. तोवर पाण्याचा थेंब नाही. आज एकविसावा दिवस.”

हे सांगताना ठकूची मान जरा ताठ झालीच. बाई मोठी हट्टाची!

तिचा नवरा कोंडाजी जुन्या विहिरींतला गाळ काढायचा. महिन्यापूर्वी शेजारच्या गावात असाच एक गडी दोर सुटून गेला. तेव्हापासून ठकूच्या डोळ्याला डोळा नव्हता. कोंडाजी रोज म्हणायचा, “अगं, दोन घास खाऊन घे.” ती खेकसायची, “तुम्ही खाली उतरणार, आणि मी वर गिळत बसू?”

“त्याचा दोर कोण धरतं?” बाबांनी विचारलं.

“मीच! दुसऱ्याच्या हाती देईन होय? माझा नाही कुणावर भरवसा.”

“बरं. तेवढी एक घागर काढ.”

मठाची विहीर तशी उथळ. ठकूने घागर सोडली, भरली, ओढू लागली. अर्ध्यावर हात कापायला लागले. डोळ्यांपुढे अंधारी आली. दोर तळव्यांतून सरसरत निसटला...

खाली धप्पकन आवाज झाला.

आत वाकून बघायचं तिला धाडस होईना. कठड्याला टेकून ती आपल्या सोललेल्या तळहातांकडे बघत राहिली. आज सकाळी याच हातांत कोंडाजीचा दोर होता.

“बाबा... घागर गेली.”

“हो. घागर गेली.”

बाबांनी ताटलीत गरम भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला आणि ताटली तिच्यापुढे सरकवली.

“व्रत मोडलं, आणि धन्यांचं काही बरंवाईट झालं तर?”

बाबांनी तव्यावरची भाकरी उलटली.

तिने घास मोडला. गिळताना तिला रडूच फुटलं.

“उद्याची विहीर किती खोल?” बाबांनी विचारलं.

“आठ परस. आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. वरून तळ दिसत नाही.”

बाबांनी तव्यावरची दुसरी भाकरी तिच्या ताटलीत टाकली.

“मग ही पण खा.”