तळ्यातलं विरजण

तळ्यातले दगडसुद्धा गप्पा मारायचे ना, तेव्हाची गोष्ट. मासे पाळायच्या तळ्यात रोहूताई राहायची, भलतीच टापटिपीची! पाणी गाळणाऱ्या दगडांवरचा बुळबुळीत थर तिला बघवेना. तिने गोगलगायींकडून दगड चाटूनपुसून लख्ख करून घेतले.

मग काय, पाणी झोंबायला लागलं, पिल्लं वर येऊन धापा टाकायला लागली.

"अगं बाई, तो थरच तुमची घाण खायचा!" दगड कळवळला. "विरजणापुरता तरी ठेवायचास!"

रोहूताई रडकुंडीला आली. तेवढ्यात वर तरंगणारी जांभळ्या फुलांची जलपर्णी म्हणाली, "माझ्या मुळांना आहे की चिकटलेला. घे चमचाभर!" तिने मुळं अलगद दगडांवर झुलवली. हळूहळू दगड बुळबुळले, पाणी निवळलं, पिल्लं तरतरीत झाली.

अजूनही दगडांपाशी कुणी धिंगाणा घातला, की रोहूताई कुजबुजते, "शूऽऽ, दही लागतंय!"