बुधीच्या टाचा

बाटली पिशवीत ठेवा, ताई. इथं बाटलीचं पाणी प्यायचं नाही. आणि दादा, तुम्ही कड्याकडं पाठ करून फोटो काढू नका, माझा जीव खालीवर होतो. इकडं या, सावलीला. कातळात हे दोन खळगे दिसतात ना? वैशाखात वाडीची विहीर तळ गाठते, पण यातलं पाणी आटत नाही. यांना बुधीच्या टाचा म्हणतात. लग्न झालं की जोडीनं इथं यायचं आणि एकानं दुसऱ्याच्या ओंजळीतून पाणी प्यायचं, ही आमच्याकडची रीत. ती कशी पडली ते आधी ऐका, मग प्या.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. बुधी ही खालच्या वाडीतली. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्या भावानं, गोमानं, तिला लहानाची मोठी केली. त्यानं तिच्यासाठी एक स्थळही बघून ठेवलं होतं. पण पोरीचं मन बसलं पलीकडच्या पाड्यावरच्या चिंधूवर. तो कड्यावरचा मध काढायचा. बुधीनं त्याच्याशीच लगीन लावलं आणि गोमानं तोंड फिरवलं. "माझ्या दारात पाऊल टाकू नको," एवढंच बोलला म्हणे. बुधीही काही कमी नव्हती, एकाच आईची लेकरं ती! तिनंही भावाचं नाव घेणं टाकलं. पण चुलीपुढं बसली की तिचे डोळे भरायचे, आणि ते धुरानं नव्हे हे चिंधूला कळायचं.

आता मध काढणाऱ्यांची एक रीत होती. लग्नानंतरचा पहिला मध बायकोच्या माहेरी न्यायचा. माहेरानं तो चाखला की जावई मानला. आणि हा मध काढताना वरचा दोर बायकोच्या भावानंच धरायचा. दुसरा कुणी हात ढिला सोडेल, सख्खा भाऊ बहिणीचं कुंकू पुसू देणार नाही. बाईमाणसानं तर दोराला शिवायचंही नाही.

आली का पंचाईत! मध न्यायचा गोमाकडं, आणि दोर धरायलाही गोमाच पाहिजे. चिंधूनं दोनदा निरोप धाडला. गोमा आला नाही. शेवटी चिंधूनं दोर काठावरच्या जांभळीला बांधला, कमरेला मडकं अडकवलं आणि सकाळच्याला उतरला. बुधी हात मांडीवर ठेवून राखणीला बसली.

मोहोळ आग्या माश्यांचं. चिंधूनं धूर केला, पोळं कापलं, मडकं भरलं. वर यायला लागला आणि जांभळीच्या मुळाखालची माती सुटली. झाड वाकलं, गाठ बुंध्यावरून सरकली. बुधीनं रीतबीत काही बघितलं नाही. झेप घेऊन दोर धरला, कमरेला एक वेढा टाकला आणि टाचा कातळाला रोवल्या.

वर ओढायची ताकद नाही आणि सोडायचं तर मनातही आणायचं नाही. खाली चिंधूचा एक पाय कसाबसा कपारीत.

"सोड गं!" तो खालून ओरडला. "माझ्यासंगं तूही जाशील. सोड तो दोर!"

"गप बसा हो," बुधी म्हणाली. "मध सांडू नका, भावाला न्यायचाय."

ऊन डोक्यावर आलं. तळहाताची साल निघाली, दोर लाल झाला. आता आपल्या एकटीच्यानं होणार नाही हे तिला कळून चुकलं. मग तिनं सगळा राग गिळला आणि दरीत हाक मारली, "दादा रे!"

गोमा अंगणात लाकडं फोडत होता. पहिली हाक ऐकली आणि त्यानं मुद्दाम जोरात घाव घातला. दुसऱ्या हाकेला कुऱ्हाड हवेतच थांबली. तिसऱ्या हाकेला तो चढाला लागला होता, पायात वहाणा नाहीत की डोक्याला फडकं नाही. तरी चढ तो चढ. पोचेपर्यंत दिवस कलला, आणि तोवर बुधी तशीच उभी.

त्यानं दोर हातात घेतला आणि चिंधूला वर ओढलं. मग बहिणीचे हात बघितले आणि एवढा आडदांड गडी ढसाढसा रडला.

"अगं बये, सकाळीच हाक का नाही मारलीस?"

"तू येशील असं वाटलं नाही, दादा."

चिंधूनं मडकं पुढं केलं. गोमानं बोट बुडवलं आणि तिथंच, कड्यावरच, मध चाखला.

बुधीनं पाय उचलले तेव्हा कातळात टाचांचे खळगे पडले होते आणि त्यात पाणी झिरपत होतं, म्हणे. घशाला कोरड पडलेली, पण तिला ओंजळ करता येईना. दोर धरून आखडलेली बोटं उघडतच नव्हती. तेव्हा चिंधूनं आपल्या ओंजळीतून तिला पाणी पाजलं.

आजही इथं कुणी स्वतःच्या हातानं पाणी पीत नाही. आणि पाणी पिऊन झालं की रुसलेल्या माणसाला दरीत हाक मारायची, हेही आहे बरं का. ताई, चढताना तुम्हीच म्हणालात ना, लग्नाला भाऊ आला नाही म्हणून? मघापासून मोबाइल वर धरून बघताय. इथं रेंज येत नाही. ठेवा तो, आणि मारा हाक. लाजू नका, आम्ही दोघं तिकडं तोंड करून उभे राहतो. एका हाकेत नाही आला तर तीन मारा. चढ उभा आहे, त्याला यायला थोडा वेळ लागेल.