नवलाईचं रिकामं ताट

त्या ताटाला हात लावू नका, मंडळी. रिकामं आहे म्हणून कुणी विसरून गेलंय असं समजू नका. चिंचेने घासून, लख्ख करून, सकाळपासून ते देवीपुढे असंच ठेवलंय. दुसऱ्या गावांत जत्रेला देवीपुढे पुरणपोळी असते, भाताची मूद असते. आमच्या खारवण्यात नवलाईला रिकामं ताट दाखवतात. यावरून आम्हाला हसणारे पुष्कळ आहेत. हसेनात का! त्यांना भागीरथी गुरवीण ठाऊक नाही.

जपानच्या लढाईचे दिवस होते म्हणे. लढाई तिकडे समुद्रापार, पण झळ आमच्या चुलीपर्यंत आली. रंगून पडलं आणि रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला. त्या तांदळाला कोकणातली माणसं नावं ठेवीत, जाडा आहे, वास येतो, कोंबड्यांना घालावा असा आहे. तो दिसेनासा झाला तेव्हा डोळे उघडले. मग कंट्रोल आला, घरोघर कार्डं आली. माणशी मोजून धान्य, आणि तेही घाटावरची लाल ज्वारी, खड्यांसकट. भातावर वाढलेल्या बायका त्या. त्यांनी थापलेल्या ज्वारीच्या भाकरीचे तव्यावर पडेपर्यंत चार तुकडे व्हायचे. साखर औषधापुरतीही मिळेना. रॉकेल नाही म्हणून उजेड आहे तोवर जेवणं उरकायची. फणसाच्या आठळ्या उकडून पोरांची समजूत काढायची.

आणि पाहुणा! ज्या गावात आलेल्याला तीन दिवस हलू देत नसत, तिथे वाटेवर पावलं वाजली की लोक कवाडं लोटून घेऊ लागले. पाहुणा आलाच तर आपल्या वाटणीच्या तांदळाची पुरचुंडी बांधून आणी आणि ओटीवर पाऊल ठेवताच घरधनिणीच्या हातात देई. देणाऱ्यालाही लाज, घेणारीलाही लाज.

त्यात आमच्या गुरवांनी एक घोळ घातला होता. कार्डं लिहायला घाटावरचा एक कारकून आला होता. घरात खाणारी माणसं किती, म्हणून त्याने विचारलं. धाकू गुरव, भागीरथीचा नवरा, सरळमार्गी माणूस. त्याने सांगितलं, "मी, बायको आणि नवलाई." त्यात लबाडी नव्हती हो. गुरवाच्या घरात देवीला दाखवल्याशिवाय कधी कुणी घास घेतला नव्हता, मग तिला मोजायची नाही असं त्याच्या मनातही आलं नाही. कारकुनाला वाटलं, म्हातारी आई असेल. त्याने वय विचारलं. धाकू म्हणाला, कुणी मोजलं नाही, गावाच्याही आधीची आहे. कारकुनाने नव्वद लिहिलं आणि पुढच्या घरी गेला. अशी नवलाई कार्डावर चढली. तिच्या वाटणीचं धान्य येई, भागीरथी ते वेगळ्या गाडग्यात ठेवी आणि रोज मूठभर रांधून देवीपुढे नेई.

असंच एका आषाढात आवडी नावाची बाई गावात आली. नवरा रंगूनच्या गोदीत कामाला होता, पळून येताना रानवाटेत तापाने गेला. ही पोरीला कडेवर घेऊन कुठे कुठे अडकत, वर्षभराने इथवर पोचली होती. सासर खाडीपलीकडे. पण खाडीवरची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, पावसाळ्यात बंद; नारळी पौर्णिमेपर्यंत ती सुटायची नाही. कार्ड नाही, पुरचुंडी नाही. तिने दहा दारं ठोठावली. आतून एकच उत्तर आलं, आमच्याच तोंडांना पुरत नाही. खोटं नव्हतं ते. शेवटी ती इथे, या मंडपात येऊन बसली.

भागीरथी नैवेद्य घेऊन आली. ताट क्षणभर पायरीवर ठेवून ती पाणी घ्यायला वळली, तेवढ्यात त्या तीन वर्षांच्या पोरीने ताटात हात घातला. आवडीने तिला ओढलं, मारायला हात उगारला. भागीरथीने तो हात धरला. नैवेद्य उष्टा झाला होता, घरात रांधलेलं दुसरं काही नव्हतं. देवीचा नैवेद्य एक दिवस जरी चुकला तरी गाव गुरवाला पूजेवरून काढतो, पूजा गेली की घरही जातं. सगळं तिला कळत होतं. पण पोरगी चावतसुद्धा नव्हती, नुसती गिळत होती. भागीरथीने ताट पोरीपुढे सरकवलं. दोघी जेवल्यावर तेच ताट धुऊन तिने देवीपुढे धरलं.

"आई, तर सुटेपर्यंत तुझी वाटणी हिची. कोपायचं तर माझ्यावर कोप, गावावर नको."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. गावात लपतंय काय? रिकामं ताट गणू राऊताने पाहिलं. राऊत म्हणजे देवीचा पहिला मानकरी, पालखीला पहिला खांदा त्याचा. देवीला उपाशी ठेवतात म्हणून त्याचं डोकं फिरलं. कौल लावावा, पंचांना बोलवावं, तर ते नाही. रागाच्या भरात त्याने तालुक्याला अर्ज धाडला की गुरव खोट्या नावावर धान्य उचलतो.

श्रावणात कंट्रोलचा साहेब आला, चिखल तुडवीत. सारा गाव या मंडपात जमला. खोट्या नावाला त्या दिवसांत सरळ तुरुंग होता. साहेबाने कार्ड वाचलं आणि नव्वद वर्षांच्या नवलाईला पुढे आणायला सांगितलं. भागीरथीने गाभाऱ्याकडे बोट दाखवलं आणि मग आवडीच्या पोरीकडे. राहते ती तिथे, म्हणाली, आणि सध्या जेवते ती इथे. कमी केलं नाही, जास्त केलं नाही. खरं ते सांगितलं.

साहेबाने कागद काढला. नवलाई नावाची कुणी या गावात राहत नाही, असं त्यावर लिहिलं आणि सहीसाठी तो अर्जदारापुढे केला.

गणू राऊताने टाक हातात घेतला. वाचून पाहिलं, पुन्हा वाचलं. नवलाई या गावात नाही! ज्याच्या सात पिढ्यांनी तिची पालखी वाहिली, त्याने हे लिहून द्यायचं? सारा गाव त्याच्या हाताकडे बघत होता. त्याने टाक खाली ठेवला.

"नवलाई गावात आहे, साहेब."

"आणि जेवते?"

राऊताने त्या पोरीकडे पाहिलं. पायरीवर बसून ती ताटाची कड बोटाने पुसून चाटत होती. असं सांगतात, की साऱ्या गावासमोर तो रडला.

"जेवते. आम्ही दारं लावून घेतली होती, म्हणून आम्हाला दिसली नाही."

साहेबही माणूसच. त्याने तो कागद फाडला. कार्डावरचं नव्वद खोडून तिथे 'वय मोजलेले नाही' एवढं लिहिलं आणि चिखलातून परत गेला. त्या दिवसापासून तर सुटेपर्यंत आवडीला गावात एकही कवाड बंद दिसलं नाही. ज्वारीच्या तुकड्यांत आणखी दोघींचे तुकडे निघाले, कुणी मेलं नाही. धाकूची पूजा राहिली. रिकामं ताट मात्र राऊताने हलवू दिलं नाही. जत्रेला देवीला हेच दाखवायचं आणि देवीचं पान बाहेरून आलेल्या माणसाला वाढायचं, असा त्याने नेम घातला.

आजही तो नेम मोडलेला नाही. ताट राऊताच्याच घरचा माणूस घासतो, रांधते गुरवीण. आलेल्याला नाव-गाव विचारत नाहीत. त्याचं जेवण झालं की गुरव घंटा वाजवतो, नवलाई जेवली असं ओरडून सांगतो, आणि मगच गावात पानं वाढतात. तोवर तान्ही पोरं सोडली तर कुणाच्या तोंडात घास जात नाही.

आज बाहेरून आलेले पहिले तुम्हीच. उन्हं डोक्यावर आली, मी बोलत बसलो आणि गाव उपाशी आहे. हात धुवा आणि बसा.