रुमालाखालचा सौदा

“चार भिंती आणि गळकं छप्पर, याला बाजार म्हणायचं का, बाबा?” जयवंत बोरावकेने विचारलं.

गाळ्याच्या ओट्यावर बसलेल्या फकिराने पाण्याचं मडकं जवळ ओढलं.

भर दुपारी त्या जुन्या घाऊक बाजारात चिटपाखरू नव्हतं. आडत्यांनी गाळे विकले होते. काही शहराबाहेर गेले, काही घरी बसले. आता तिथे टॉवर उठणार होता. काम अडलं होतं ते एकट्या जयवंतच्या सहीवाचून, आणि ती आज संध्याकाळी व्हायची होती. त्याआधी आशीर्वाद घेऊन टाकावा म्हणून स्वारी आली होती. आशीर्वादाला काय, दमडी पडत नाही.

“तुझे वडील गूळ कसा विकायचे?” फकिराने विचारलं.

“हत्त्याने. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, तोंडातून अवाक्षर नाही. गिऱ्हाइकाने मूठ आवळली की सौदा पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी माल दुसऱ्याला द्यायचा नाही.” जयवंत हसला. “गेले ते दिवस. अण्णाही गेले.”

“मग तसाच गाळा मला विक.”

फकिराने मांडीवर रुमाल पसरला.

म्हाताऱ्याची हौस! जयवंतने हात आत घातला. बोटं त्याच्या बोटांना भिडली, जरा चाचपली आणि थांबली...

“सांगा की भाव, बाबा.”

फकिराने दोन्ही हातांनी मडकं उचललं आणि तो घटाघटा पाणी पिऊ लागला.

रुमालाखाली बोटं होतीच.

जयवंतच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं, वजनाखाली चेचलेलं. लहानपणी तोच हात धरून तो या बाजारात चालायला शिकला होता. त्याला भीती वाटली, आणि रडूही आलं.

“अण्णा...”

मूठ आवळली गेली. घट्ट. मग ती सैल पडली, आणि रुमालाखाली त्याचा एकट्याचा हात उरला.

“बाबा... संध्याकाळी ते लोक येतील. त्यांना काय सांगू?”

फकिराने मडकं खाली ठेवलं.

“अण्णांनी भावसुद्धा सांगितला नाही. घेतलं काय त्यांनी? गाळा... की मला?”

फकिराने रुमाल झटकला, त्याची घडी घातली.

“हे हात घालायच्या आधी विचारायचं असतं, बेटा.”