पोकळ बेहडा

फार मागे, माणसांची अवजारंही बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरावरच्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत ककणेर पक्ष्याची मादी अंड्यावर बसली होती. ढोलीचं तोंड तिने लिंपून घेतलं होतं, चोचीपुरती फट ठेवून. नर त्या फटीतून तिला उंबरं भरवी.

एके दिवशी कुऱ्हाड आली. झाडावर टकटक करून म्हणाली, "पोकळ आहे! कोळशाला बरं. उद्या पाडते."

"कोण रे?" मादीने आतून नराला विचारलं.

"कुणी नाही. तू खा," नर म्हणाला. तिची पिसं झडली होती, तिला उडता येणार नव्हतं. तो तडक गावात वैद्याच्या खलाकडे गेला.

"खलदादा, माझं घर वाचव."

"मी दगड रे बाबा. झाडाशी माझा काय संबंध?"

कोपऱ्यातली टोपली फिस्कन हसली. "रोज बेहडा कुटतोस, तो मी त्याच झाडाखालून वेचते. कोळसा एकदाच निघेल. मग काय खडे कुटशील?"

सकाळी कुऱ्हाड पाहते तो बेहड्याच्या बुंध्याला टेकून खल बसलेला, भोवती गावातल्या साऱ्या टोपल्या.

"आधी माझ्यावर घाव घाल," खल म्हणाला.

कुऱ्हाडीने दगडाकडे पाहिलं, आपल्या धारेकडे पाहिलं आणि ती परत फिरली.

पुढे एका सकाळी, खल नि टोपल्या राखणीला असतानाच, लिंपण फुटलं. मादीमागोमाग पिल्लू बाहेर आलं. त्याने पंख उघडले आणि डोंगरभर वारा सुटल्यासारखा आवाज झाला. जन्मभर खाली वाकून वेचणाऱ्या टोपल्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

"आणि याला पोकळ म्हणत होते," खल हळूच म्हणाला.