तिसऱ्या वर्षाची कळी

“पण कळ्या का गळतात, मास्तर? सलग दोन वर्षं!”

विचारत होते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक रघुवीर ओगले. पांढऱ्या ऑर्किडचे पराग जांभळ्यावर ठेवून त्यांनी स्वतः संकर केला होता. धुळीसारखं बी बाटलीत रुजवलं होतं. त्यातलं एकच रोप जगलं, ते त्यांनी सहा वर्षं घराच्या गॅलरीत जपलं होतं.

यंदा त्याला एकुलती एक कळी आली. तेव्हा ओगल्यांनी वसईच्या वाडीत जाऊन इनासमास्तरांना घरी आणलं. मास्तरांची सगळी हयात फुलांत गेलेली.

“कळी दिसली की काय करता?” मास्तरांनी विचारलं.

“रोज मोजतो. कुंडी उचलतो, फिरवतो, भिंगातून चारी बाजूंनी बघतो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.”

“हं...”

मास्तरांनी कळीसमोर दोन खुर्च्या ओढल्या. “बसा, प्रोफेसर.”

“रंग मी आत्ताच सांगतो,” ओगले बसता बसता म्हणाले. “फिका जांभळा. मीच तर घडवलंय याला.”

मास्तर कळीकडेच बघत राहिले.

कळीच्या टोकाला बारीक चीर पडलेली दिसली. ओगल्यांचा हात आपसूक कुंडीकडे गेला. मास्तरांनी तो वरच्यावर धरला. मग दुसराही. आणि सोडीचनात.

चहा आला, निवून गेला. जेवणाची वेळ टळली. ओगल्यांना आधी राग आला, मग पाठ दुखू लागली, मग तीही दुखायची थांबली...

उन्हं कलता कलता एक पाकळी सुटली. मग दुसरी.

जांभळा नव्हताच. पिवळा! ओल्या हळदीच्या कांड्यासारखा, आणि खालच्या ओठासारख्या पाकळीवर तांबूस शिंतोडे.

“हा पिवळा...” ओगले पुढे झुकले. “आईत नाही, बापात नाही. आला कुठून?”

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेव्हा कुठे ओगल्यांनी खाली पाहिलं. “माझे हात...”

“ते मी केव्हाच सोडले.”

हात मोकळे होते. कुंडीकडे मात्र गेले नव्हते.



“मास्तर,” ओगले अगदी हळू म्हणाले, “याला नाव काय द्यावं?”

“आधी त्याला तुमचं सांगा.”