दोनाचे चाळीस हत्ती

राजा रणधवलाला आणखी आठ हत्ती हवे होते. दोन होतेच. पण शेजारचा राजा खिंडीपलीकडे फौज जमवतोय अशी बातमी आली, आणि नेमकी ती वेळ साधून हत्तींचा सौदागर दरबारात हजर झाला.

"लढाईचे हत्ती, महाराज. एकेक हत्ती म्हणजे चालता किल्ला. किंमत जरा चढी आहे, पण राज्यापेक्षा महाग थोडीच?"

राजाची मान डोलली. आणि ती एकदा डोलली की थांबवायची छाती दरबारात कुणाची नव्हती.

धुरपाला हे सगळं हत्तीखान्यात कळलं. करंजवाडीहून ती रोज वैरणीची गाडी घेऊन यायची. पहिल्या दोन हत्तींपायी तिच्या गावाचं कुरण सरकारजमा झालं होतं. घरी म्हशी आटल्या होत्या, कारण त्यांच्या तोंडचं गवत ती स्वतःच्या हाताने कापून हत्तींपुढे टाकत होती. आता आणखी आठ आले तर आसपासच्या चार गावांची तीच गत होणार होती.

"आणखी आठ कशाला?" ती माहुताला म्हणाली. "या दोघांतच दहांचं काम होईल."

"कसं होईल?"

आवाज माहुताचा नव्हता. मागे राजा उभा होता आणि त्याच्या शेजारी सौदागर. धुरपाच्या डोक्यावरचा भारा घसरला. पण बोलून तर बसली होती.

"होईल, महाराज," ती म्हणाली. "मला आठ दिवस द्या."

सौदागर खो खो हसला. राजा मात्र हसला नाही. तो हट्टी होता आणि हट्टी माणसं त्याला आवडायची.

"आठ दिवसांनी शेजाऱ्याचा दूत येतोय," तो म्हणाला. "माझ्याकडे दहा हत्ती आहेत असं मानून तो परत गेला, तर हा सौदा मोडला. नाही मानलं, तर आठ हत्ती घेईन आणि त्यांची वर्षभराची वैरण तुझं गाव फुकट पुरवेल. आणि हे बघ, मी खोटं बोलणार नाही. त्याने विचारलं तर दोनच सांगेन."

"जरूर दोनच सांगा, महाराज. फक्त हत्तीखान्याचं दार बंद ठेवा, आणि दारावर चार पहारेकरी द्या."

दुसऱ्या दिवसापासून धुरपा कामाला लागली. सुताराकडून दहा जाडजूड लाकडी खुंट करवून घेतले आणि नदीकाठच्या आमराईत ठोकले. दोन्ही हत्तींना आळीपाळीने त्या खुंटांशी बांधलं. त्यांनी अंगं घासून खुंटांची सालं काढली. सकाळ-संध्याकाळ ती त्यांना नदीवर नेई, दर वेळी वेगळ्या वाटेने. आणि शेवटचे पाच दिवस तिने हत्तीखान्यातली लीद फेकू दिली नाही. ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली.

"अगं, हे काय जपून ठेवतेस?" माहुताने नाक दाबून विचारलं.

"दोन हत्तींची पाच दिवसांची," धुरपा म्हणाली. "म्हणजे दहा हत्तींची एका दिवसाची."

दूत आला. अंबाजीपंत त्यांचं नाव, नजर घारीची. भर दरबारात त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "महाराजांकडे हत्ती किती?"

"दोन," राजा म्हणाला.

पंत अदबीने हसले. पण हत्तीखान्याचं बंद दार आणि चार भाले त्यांनी येतानाच पाहिले होते. सकाळी स्नानाचं निमित्त करून ते नदीवर गेले. आमराईत त्यांना घासलेले दहा खुंट दिसले. प्रत्येक खुंटाशी ताज्या लिदीचा ढीग होता. नदीकडे उतरणाऱ्या पाच वाटांवर परातीएवढी पावलं उमटली होती. तेवढ्यात समोरून वैरणीच्या गाड्यांची रांग आली. पुढच्या गाडीवर धुरपा होती.

"बाई, एवढी वैरण कुणासाठी?"

"हत्तींसाठी, पंत."

"किती आहेत?"

धुरपाने मागच्या गाड्यांकडे पाहिलं, मग पंतांकडे, आणि आवाज खाली आणला. "दोन. आम्हाला दोनच सांगायचा हुकूम आहे."

जेवणासाठीही न थांबता त्याच दुपारी पंतांनी घोडा खिंडीकडे पिटाळला.

मग धुरपाचा खरा कसोटीचा काळ सुरू झाला. पंधरा दिवस काहीच कळेना. गावकरी तिच्याशी धड बोलेनात. सोळाव्या दिवशी तिला दरबारात बोलावणं आलं. राजाच्या हातात पत्र होतं आणि सौदागराचं तोंड उतरलं होतं.

"शेजाऱ्याची फौज खिंडीपलीकडून उठली," राजा म्हणाला. "तह करायचा म्हणतोय. काय लिहिलंय ऐक. 'आपल्या चाळीस हत्तींची वार्ता ऐकून आनंद जाहला.' चाळीस! तू तर दहाच ठरवले होतेस."

"दाखवले असते तर त्यांनी मोजले असते, महाराज. लपवले, म्हणून वाढवले."

राजा हसू दाबत सौदागराकडे वळला. "आठ हत्तींचा सौदा रद्द." मग त्याला काहीतरी सुचलं. त्याने धुरपाकडे रोखून पाहिलं. "आणि इतकंच असेल, तर हे दोन तरी कशाला पोसायचे? तेही विकून टाकू का?"

सौदागराने कान टवकारले.

"नको, महाराज," धुरपा म्हणाली. "मग लीद कुठून आणायची?"

राजाला इतकं हसू आलं की त्याला सिंहासनाचा हात धरावा लागला. हसून हसून डोळे पुसत त्याने कारभाऱ्याला जवळ बोलावलं आणि करंजवाडीचं कुरण गावाला परत लिहून दिलं. हत्तींची वैरण त्या दिवसापासून राजाच्या स्वतःच्या शिकारखान्याच्या रानातून येऊ लागली, आणि धुरपाला मिळाल्या दोन दुभत्या म्हशी.